सुरतला गेलेल्यांची नावं

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. हा काही माझा सभ्यपणा नव्हे. विशीत असताना मी एका माणसाचं नाव नको त्या जागी घेतलं, आणि तेही दोनदा. ते निस्तरायला मी सोडून बाकी सगळे राबले. आता साठी उलटल्यावर लिहायला बसलोय म्हणजे बैल गेला नि झोपा केला, हे मलाही कळतं. पण बायको म्हणते, सारखे कुढत बसता त्यापेक्षा लिहून काढा. तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी ती इथे वाचेल.

आमची गल्ली धुळ्यात, पांझरेच्या अलीकडच्या काठाला. पलीकडे देवपूर. तिथे माझं कॉलेज आणि वडिलांची शाळा. वडील त्या शाळेत शिपाई होते आणि मुलानं मास्तर व्हावं या एका गोष्टीपलीकडे त्यांनी देवाकडे कधी काही मागितलं नाही. "घंटा मी वाजाडस, शिकाडशी तू," असं ते जेवताना म्हणायचे. दर दोन-तीन दिवसांनी म्हणायचे, त्यामुळे मला त्याचा कंटाळा आला होता.

समोरच्या घरात माझा मित्र राहायचा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची आणि संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन परतायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही. आम्ही दोघं दहा वर्षं एका बाकावर बसलो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. मी हे आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं. बारावीनंतर मी कॉलेजात गेलो आणि तो सुरतला, कापडाच्या लूमवर. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे घरटी एक पोरगा सुरतला असायचाच. कुणी परत यायचा, बहुतेक यायचे नाहीत.

अक्काला लिहिता येत नव्हतं. तिची सुरतची पत्रं मी लिहायचो. ती पायरीवर बसून सांगायची, "लिख, जेवन येळवर करजो. लिख, रात-पाळीनं डोळास्ले जपजो." मी ते शुद्ध मराठीत सजवून लिहायचो आणि वाचून दाखवलं की ती हसायची. "मी इतलं गोड कधी बोलस रे?" माझं अक्षर देखणं होतं आणि मला त्याचा माज होता. पत्र झालं की पाकिटावर मी त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ठसठशीत लिहायचो. महिन्याला एकदा, दोन वर्षं. स्वतःचं नाव मी तेवढ्या वेळा लिहिलं नसेल.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बाजेवर आबा बसायचे. आबा म्हणजे हातभट्टीवाले. आमच्या वडिलांच्या तरुणपणी या माणसाचं नाव निघालं की बाजारात लोक आवाज खाली आणत. गावाबाहेरच्या नाल्यांत त्यांच्या भट्ट्या, ट्रकच्या ट्यूबांत भरून माल शहरात यायचा, आणि बरोबर पंधरा-वीस धिप्पाड माणसं. हे सगळं आम्ही ऐकलेलं. आम्ही पाहिलेले आबा वेगळे होते. परवान्याची देशी दारूची दुकानं झाली तसा धंदा उतरत गेला. माणसं पांगली. एकानं रसवंती टाकली, एकानं गळ्यात माळ घातली, तिघं-चौघं सुरत-मुंबईकडे गेले. उरला एक लंगडा जुना सोबती आणि एक जीप. आबांना साखरेचा आजार जडला होता आणि ते बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे.

तरीही गल्लीत त्यांचा शब्द चालायचा, आणि त्याला कारण दारू नव्हे. आमच्याकडे मार्चपासून नळ कोरडे. आबांचा टँकर यायचा आणि प्रत्येक घराचं पिंप भरून जायचा. गल्लीतल्या निम्म्या घरांनी आबांची दारू कधी प्यायली नव्हती, पण पाणी सगळ्यांनी प्यायलं होतं.

गुन्हेगारीच्या जगात माझी पहिली कामगिरी म्हणजे आबांची जीप ढकलणं. ती आपली आपण कधी सुरू व्हायची नाही. आम्ही कॉलेजची चार पोरं सकाळी ढकलायचो, ती भुर्रकन पुढे जायची, आणि आबा आत बसून मागे न पाहता हात वर करायचे. त्या वर केलेल्या हाताची काय ऐट वाटायची! चौकात उभं राहून सांगायचो, आबांबरोबर असतो आम्ही. पुढे मास्तर झाल्यावर वर्गात असा पोरगा दिसला की मी त्याला बाहेर काढून त्याच्याशी नीट बोलायचो. मला तेव्हा कुणी बाहेर काढलं नाही.

आता 'केस देणं' म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथेच फसलं. पोलिसांना दर महिन्याला काही धाडी दाखवाव्या लागत. आबांशी त्यांची जुनी समजूत होती. त्यांनी निरोप पाठवला की आबांनी दोन गोष्टी पाठवायच्या, दारूचा एक डबा आणि एक माणूस. पंचनामा व्हायचा, दुसऱ्या दिवशी तो माणूस कोर्टात गुन्हा कबूल करायचा. शिक्षा ठरलेली, किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायचं. दंड आबांचा वकील भरायचा. माणूस दिवे लागायच्या आत घरी. याला कुणी गुन्हा समजत नसे. 'केसला बसणं' हे गल्लीत रेशनच्या रांगेत उभं राहण्याइतकं साधं काम होतं.

पूर्वी केसला आबांची स्वतःची माणसं बसायची. ती संपली म्हणून आमचा नंबर लागला. आबांचा डोलारा उभा असता तर आमच्यासारख्या काडीपैलवानांना त्यांनी जवळही उभं केलं नसतं.

एका उन्हाळ्यात आबांनी मला बोलावलं. "पोऱ्या, एक दिवस कोर्टमा बसी ये. पंखा शे तठे." दोन दिवसांपूर्वीच त्यांच्या टँकरनं आमचं पिंप भरलं होतं. पण खरं सांगायचं तर पिंपाचं कारण मी नंतर शोधलं. आबांनी एवढ्या पोरांतून मला निवडलं, या एका गोष्टीनं मी फुगलो होतो.

वाटेत त्यांच्या लंगड्या सोबत्यानं मला धंद्याचा नियम शिकवला. "सोतानं नाव देवानं नही. खोटं बी देवानं नही, खोटं नाव तोंडमा अटकस. जो सुरत गया, तेन्हं देवानं. तो काय देखाले येस?"

सगळे असंच करत. सुरतला गेलेल्या पोरांची नावं म्हणजे गल्लीची सार्वजनिक मालमत्ता झाली होती. पोलीस चौकीत कुणी ओळखपत्र मागत नव्हतं, कुणाकडे नव्हतंही. टेबलामागच्या जमादारानं मान वर न करता विचारलं, "नाव?" आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गल्ली. पाकिटावर लिहितो तसं, त्याच क्रमानं. मी दुसऱ्या कुणाचं नाव शोधलंही नाही. जे तोंडात होतं ते आलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात कारकुनानं कबुलीजबाबाचा कागद पुढे सरकवला. मी त्याच्या नावाची सही केली. ती पाहून कारकून म्हणाला, "वा, अक्षर झकास आहे की! मग वरची ओळ पण तूच लिही." मी लिहिली. 'मला गुन्हा कबूल आहे.' आणि सांगायला लाज वाटते, मी ती वळणदार काढली. दिवसभर पंख्याखाली बसलो. संध्याकाळी लंगड्यानं मिसळ खिलवली. छाती काढून गल्लीत शिरलो. घरी वडिलांना सांगितलं, लायब्ररीत होतो.

सहा महिन्यांनी परत बसलो. त्या वेळी जमादारानं विचारायच्या आतच मी नाव सांगितलं.

या दोन केसेसच्या मध्ये अक्काची सहा पत्रं मी लिहिली. एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्याला कळवावं. थट्टेनंसुद्धा नाही. म्हणजे आत कुठेतरी मला ठाऊक होतं.

आणि तो परत आला. नियमाप्रमाणे यायला नको होता, पण आला. लूमच्या खडखडाटानं एका कानाला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून घाबरून आला. डॉक्टरनं औषध दिलं, कान मोकळा झाला. मग म्हणाला, पोलीस भरती निघालीय, उतरतो. उंची होती, छाती होती. सकाळी सहाला तो पांझरेच्या वाळूत पळायचा आणि मी वडिलांचं घड्याळ हातात घेऊन काठावर उभा राहायचो. नदीला पाणी नसायचंच. तो धापा टाकत यायचा आणि विचारायचा, "कितला?" मी वेळ सांगायचो. कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी. तो हसायचा आणि मी घड्याळातच बघत राहायचो. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते, हे मला माहीत होतं. त्याचा अर्ज मीच भरला होता. 'आपणावर कोणताही गुन्हा दाखल आहे काय?' या प्रश्नापुढे माझ्याच हातानं मी 'नाही' लिहिलं.

यादी लागली. त्याचं नाव वरून नववं. अक्कानं गल्लीत पेढे वाटले. मला दोन दिले. "एक पत्रंस्ना," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी आबांकडे गेलो आणि सगळं ओकलो. आबांनी हातातला चहा बाजेखाली ठेवला. मला वाटलं ते हसून म्हणतील, हात्तिच्या, एवढंच ना! ते म्हणाले, "सकाय जाऊ आपन."

दुसऱ्या दिवशी आम्ही जीप ढकलून चौकीवर गेलो. साहेब बदलून नवा आला होता. आबांनी चिठ्ठी आत पाठवली. त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं गेलं. ज्या चौकीत या माणसाला एके काळी आतली खुर्ची मिळायची, तिथे ते टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. तास गेला. ओळखीचा एक हवालदार समोरून गेला, त्यानं मान फिरवली. चहा आला तो आमच्या समोरून आत गेला. आबांच्या पायाला सूज होती, ते सारखी चप्पल काढायचे, घालायचे. शेवटी शिपायानं बाहेर येऊन सांगितलं, साहेब म्हणतात काम असेल तर लेखी द्या.

आबा माझ्याकडे वळले. "मन्हं आते कोन्ही आयकत नही. तू जाय मझार. सांग, नाव मीच दिधं. वय लहान शे तुन्हं, सोडी देतीन."

दार दहा पावलांवर होतं. हे मी मोजून सांगतोय, कारण नंतर कितीदा तरी मी ती पावलं मनात चाललोय. मी म्हणालो, "आबा, मन्हं बीएड... बाबा..." आबांनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "हां," एवढंच म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून उठले. हातभट्टीवाल्यानं सरळ वाट दाखवली आणि होणाऱ्या मास्तरानं ती सोडली. त्या दिवशी जीप ढकलायला मी एकटाच होतो, ती सुरू व्हायला फार वेळ लागला.

महिन्याभरानं त्याला पत्र आलं. निवड रद्द. तो चौकीत गेला तेव्हा त्याला वही दाखवली, त्याच्या नावावर दारूच्या दोन केसेस, दोन्हींत गुन्हा कबूल. तो सांगत राहिला, मी सुरतला होतो. लूमवर हजेरीपट नसायचा, शेठनं कानावर हात ठेवले. तो तसाच तरातरा आबांकडे आला. मी तिथेच होतो, बाजेमागे लिंबाला टेकून.

"कोन्ही दिधं मन्हं नाव?" तो ओरडला. गल्लीत आबांसमोर तसा आवाज कुणी काढला नव्हता. लंगडा पुढे सरसावला, आबांनी त्याला हातानं अडवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी दिधं," ते म्हणाले.

"कसाले?"

"तू सुरत व्हता."

तो बाजेला भिडून उभा राहिला. मला वाटलं तो हात उचलतो. पण म्हाताऱ्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खाली बसला आणि रडायला लागला. आणि मी? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो, ठेवला.

पुढे आठवडाभर तो वकिलाकडे खेटे घालत होता. वकील म्हणाला, कोर्टातला मूळ कागद बघू, सही तुझी नाही हे दाखवता येईल. तो कागद बघायला गेला त्या दिवशी मला ताप भरला. संध्याकाळी तो आला, माझ्या खाटेवर बसला, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "जाऊ दे, काही व्हनार नही." नंतर त्यानं तो विषयच सोडला. मला वाटलं, थकला. सुटलो म्हणून मी देवाला नारळसुद्धा फोडला.

आबांनी त्याला जवळ बोलावून घेतलं. त्यांच्या हिशेबानं ती भरपाई होती, दुसरं त्यांच्याकडे द्यायला होतं तरी काय? ज्याला वर्दी मिळाली नाही तो भट्टीवर उभा राहिला. लोक म्हणाले, बघा, वहीत नाव होतं ते उगीच नव्हतं. माझे वडीलही म्हणाले. "तेन्हासंगे फिरू नको." मी मान डोलावली. वडील वारले तेव्हा त्यांच्या मनात मी गल्लीतला सर्वांत सरळ पोरगा होतो.

मला जामनेर तालुक्यात शाळा मिळाली, पुढे जळगावात. माझी पडताळणी झाली तेव्हा माझ्या नावापुढे काहीही नव्हतं. कसं असणार?

तो आबांचा शेवटचा माणूस. बुडत्या नावेत चढलेला. आबांच्या हातून आता काही होत नव्हतं. याला मारामारी जमत नव्हती, पण आबांकडे दुसरं कुणी नाही म्हणून तीही यालाच करावी लागायची. मोटारसायकलींवर फिरणारी नवी पोरं आली होती, त्यांना ना कुणाच्या पिंपाची पर्वा होती, ना वयाची. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला गल्ली होती, धंद्यातलं कुणी नव्हतं, हा आणि लंगडा सोडून. नंतर नव्यांनी याच्यावर काठ्या चालवल्या, यानंही चालवल्या. केसेस झाल्या, आणि या वेळच्या केसेस खऱ्या होत्या. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन पोरं झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला धुळे जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलं.

तडीपार माणसाला कुठेतरी जायला लागतं. तो जळगावला माझ्याकडे आला. शेजारच्या असोद्यात केळीच्या एका बागायतदाराकडे मी त्याला काम लावून दिलं, घड तोडून ट्रक भरायचं. रविवारी दुपारी तो सायकलवर आमच्याकडे जेवायला यायचा, पिशवीत केळीची फणी. कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, ते जाता जात नाहीत. माझी बायको त्याला भाऊजी म्हणायची, पोरं त्याच्या अंगावर खेळायची. तो माझ्या धाकट्याला पळायला शिकवायचा आणि मला हाक मारायचा, "मास्तर, घड्याळ काढ."

दोन-तीनदा मी बोलायचं ठरवलं. एकदा तर त्याला 'थांब जरा' म्हणून बसवलं आणि पाणी आणायला आत गेलो ते लवकर बाहेर आलोच नाही. आलो तेव्हा तो सायकलला पाय लावून उभा. "उशीर व्हस," म्हणाला आणि गेला.

मग एका मे महिन्यात सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन आला. अक्का गेली. पहाटे झोपेतच.

मी सायकल हाणत असोद्याला गेलो. तो बागेत होता. ऐकून त्यानं हातातला विळा खाली ठेवला आणि बांधावर बसला. तडीपारी मोडून तो दोनदा आईला बघायला गेला होता, दोन्ही वेळा पकडला गेला होता. दुसऱ्या वेळी अक्कानंच त्याला शपथ घातली होती की मी मेले तरी हद्दीत पाय ठेवू नको, पुन्हा तुरुंगात दिसू नको. परवानगीचा अर्ज करता येतो, पण त्याला दोन दिवस लागतात, आणि मे महिन्यात आमच्याकडे मयत संध्याकाळपर्यंतही ठेवता येत नाही.

तरी आम्ही दोघं धुळ्याच्या एसटीत बसलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडे शेवटचं एक गाव आहे, फाट्यावर लिंबाचं झाड, एक चहाची टपरी, झाडाखाली न्हाव्याची खुर्ची. तिथे तो उठला. मीही त्याच्यामागे उतरलो. कंडक्टर ओरडला, मी त्याला हात जोडून एक मिनिट थांब म्हटलं.

"अग्नी तू दे," तो मला म्हणाला.

"मी?"

"तुन्हाबिगर कोन शे? तिन्हा पत्रं तू लिखस." मग गाडीकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तठे नाव इचारतीन. मन्हं सांगजो. तुले सवय शे."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"कागद देखा व्हता ना मी. दोन वरीस तुन्हंच अक्षर वाची वाची जगनू सुरतमा."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मला ताप होता त्या संध्याकाळपासून. तो कपाळाला हात लावायला आला तेव्हापासून.

"मग बोलला का नाहीस?" मी त्याच्यावर ओरडलोच. माझाच मला राग आला होता आणि काढला त्याच्यावर.

"दोन्हीस्नी नोकरी कसाले जाऊ देवानी? एकनी तं ऱ्हाऊ दे." कंडक्टरनं घंटी मारली. "जाय. अक्का वाट देखी ऱ्हायनी."

मी गेलो. अंगणात अक्काला नेसवून ठेवलं होतं, गल्ली माझ्यासाठी थांबली होती. कुणी विचारलं नाही की हा का मडकं धरतोय. ओठ दाबून मी पुढे चाललो. पांझरेच्या काठावर, जिथे तो पळायचा तिथून हाकेच्या अंतरावर, मी तिला अग्नी दिला. तिथेच न्हाव्यानं माझं डोकं भादरलं.

मग स्मशानाच्या चौकीत वही पुढे आली, पोलीस कधी चाळत नाहीत ती, नगरपालिकेची. मयताचं नाव मी सांगितलं. वहीवाल्यानं ते लिहिलं आणि विचारलं, "अग्नी देणाऱ्याचं नाव?"

हे नाव मी पाकिटांवर लिहिलं होतं, चौकीत दोनदा सांगितलं होतं, कधी अडलो नव्हतो. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तो वाट बघत राहिला. मागे लाकडं फुटत होती.

"अहो, स्वतःचं नाव सांगायला एवढा वेळ?" तो वैतागून म्हणाला. मग माझ्या ताज्या भादरलेल्या डोक्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो मऊ झाला. "सावकाश सांगा भाऊ. आई होती ना?"

मी हो म्हटलं आणि नाव सांगितलं. त्यानं सही करायला पेन दिलं. मी सही केली, माझ्या त्याच अक्षरात.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो तेव्हा तो फाट्यावरच होता. झाडाखालच्या न्हाव्याकडून त्यानंही डोकं भादरून घेतलं होतं. टपरीवाल्यानं त्याच्यापुढे ठेवलेला चहा तसाच होता, साय धरलेला. मी त्याच्याजवळ गेलो. मला माफ कर म्हणायचं होतं. अख्खी वाट मी तेच घोकत आलो होतो.

त्यानं आधी विचारलं, "नाव बराबर लिखं का तेन्ही?"

"हो," मी म्हणालो. "वडिलांच्या नावासकट."

त्यानं मान हलवली आणि बाकावर जरा सरकून मला बसायला जागा केली. मी बसलो. माफीचं त्या दिवशी राहिलं. तडीपारी संपल्यावर तो धुळ्याला गेला नाही, परस्पर सुरतला गेला, आणि त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. महिन्याला एक असं बरीच वर्षं मी त्याला पत्र लिहीत होतो. पाकिटावर नाव घातलं की पुढे हात चालायचा नाही, कारण पत्ता मला माहीत नव्हता.